पाठीमागची टाकी

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस तसाच सुटत होता, आणि ती त्या शेगडीपासून हातभर अंतरावर ओट्याला टेकून उभी होती. हातात कॉफीचा कप, नजर समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांवर, आणि डोक्यात चार नळ्या. इंजिनातून निघणाऱ्या, आपापल्या वाटेने वळत येणाऱ्या आणि शेवटी एका तोंडाशी मिळणाऱ्या. त्यातली तिसरी नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासणार की वाचणार याचा ती विचार करत होती. वाचते, बोटभर जागा राहते, असं मनाशी पक्कं करून ती खूशही झाली होती, तेवढ्यात नवरा टॉवेलने डोकं पुसत स्वयंपाकघरात आला आणि दारातूनच ओरडला, "अगं, गॅस!" त्याने धावत येऊन बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या, दिवा लावायला निघालेला स्वतःचाच हात मागे घेतला, आणि मग तिच्याकडे वळला. "एवढा भपकारा सुटलाय, जिन्यापर्यंत गेला असेल. नाक आहे की शोभेला बसवलंय?" ती हसली. "लक्ष नव्हतं," म्हणाली. तोही हसला, कारण तिचं लक्ष नसणं ही घरातली जुनीच गंमत होती; जेवता जेवता ताटात चमच्याने पाइपांचे सांधे रेखणारी बायको त्याने राजीखुशीने केली होती. तो चष्म्याचं दुकान उघडायच्या तयारीला लागला. ती तिथेच उभी राहिली आणि तिने मुद्दाम खोल श्वास घेतला. हवा आत गेली, नुसती हवा. तिने कपात नाक घातलं. वाफ नाकपुड्यांना लागली, गरम, ओलसर, आणि कॉफी कुठेच नव्हती. बेसिनवरची साबणाची वडी तिने वरच्या ओठाला चिकटेपर्यंत जवळ धरली. मग, कोणी बघत नाही असं पाहून, खुर्चीवर टाकलेला नवऱ्याचा ओला टॉवेल तोंडावर घेतला, आणि तो लगेच खाली ठेवला, जणू चोरी पकडली जाणार होती.

मध्यंतरी जोराची सर्दी होऊन गेली होती. सर्दी हटली आणि त्यानंतर जेवण अळणी लागू लागलं, ते तिने नवऱ्याच्या माथी मारलं होतं. घरात स्वयंपाक तोच करायचा. "मीठ विसरलास," ती म्हणायची. तो बिचारा पुन्हा चाखायचा, तिच्याकडे बघायचा आणि मिठाचा डबा काढायचा. कामाच्या शेडकडे चालत जाताना हे सगळं एकदम उलगडलं आणि ती भर रस्त्यात थबकली. कोपऱ्यावर पावाची भट्टी होती. इथे तिची पावलं रोज आपोआप मंद व्हायची. भट्टीचं तोंड उघडं होतं, आतला माणूस लांब फळीने पाव बाहेर ओढत होता, दोन बायका पिशव्या उघडून उभ्या होत्या. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं काचेपलीकडे होतं. लहानपणी ती शाळेतून आली की आई तिला दारातच धरायची, डोकं हुंगायची आणि सांगायची, "आज परत त्या सायकलवाल्याकडे बसली होतीस." ग्रीस, रबर, पंक्चरचं सोल्यूशन, सगळं आईला केसांतून वाचता यायचं. थापा मारायची सोयच नव्हती. आईचं नाक आपल्याकडे आलं हे तिने फार लवकर ठरवून टाकलं होतं, आणि पुढे कामाच्या ठिकाणी लोक जेव्हा म्हणत की ही बाई नाकावर माशी बसू देत नाही, तेव्हा त्यातला राग सोडून देऊन ती फक्त नाक घ्यायची. करपलेली वायर मशीन बंद पडायच्या आधी तिला कळायची. धातू कापायचं तेल जुनं झालं की तिला दारातून कळायचं. आता ती फुटपाथवर उभी होती आणि मागून येणारा एक माणूस "बाजूला व्हा हो" म्हणत तिला वळसा घालून गेला, आणि तिला वाटलं, याच्या अंगाला कसला तरी वास असणार, प्रत्येकाच्या असतो, आणि हा माणूस माझ्यापुरता अर्धाच गेला.

शेड औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होती. पत्र्याचं उंच छप्पर, एका बाजूला पाइपांची घोडी, मधोमध तिचं लोखंडी टेबल, ज्याचा पृष्ठभाग ती आरशासारखा सपाट ठेवायची. सरबतांचे, औषधांचे कारखाने तिच्याकडून स्टेनलेसच्या टाक्या आणि नळ्या करून घेत. हे काम ती दूध-यंत्रांच्या कारखान्यात शिकली होती. तिथे एक मास्तर होते, बुटके, कायम सुपारीएवढं काहीतरी गालात धरल्यासारखे बोलणारे. ते सांधा बाहेरून बघतच नसत. नळी उचलायची, उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून आत बघायचं. "बाहेरून काय, मीपण देखणा आहे," ते म्हणायचे, "आतून दाखव." आत जरा खडबड राहिली की तिथे दूध अडकणार, नासणार. म्हणून वेल्डिंग करताना आर्गॉन वायू बाहेरूनही लावायचा आणि नळीच्या आतही भरून ठेवायचा, म्हणजे तापलेल्या धातूला आतून हवा लागत नाही आणि काळी रवाळ खपली धरत नाही. तिचा हात बसला तेव्हापासून मास्तर तिच्या नळ्या उजेडाकडे धरायचे बंद झाले. ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी होती आणि ती मुक्यानेच मिळाली होती.

वसाहतीत तिला सगळे वहिनी म्हणत. ते भिंगरीमुळे. भिंगरी म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण; जन्मल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून घरात हे नाव पडलं ते चिकटलंच. ती गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून गोड आवाजात त्यांना चौक पार करून द्यायची, आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन स्वतः सुसाट सुटायची. शेडच्या फाटकातूनच "वहिनीऽऽ" अशी हाळी घालत ती आत शिरायची, आणि ते ऐकून ऐकून शेजारचे लेथवाले काका, रंगवाला, चहा आणणारा, सगळेच वहिनी म्हणू लागले. त्या चार नळ्या जिच्यासाठी होत्या ती गाडीही भिंगरीनेच शोधली होती: एका गिऱ्हाइकाच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेली जुनी बुटकी पाच दारांची गाडी, मागचं दार वर उघडणारी. "वहिनी, बघ ना, हिचं नाक कसलं गोड आहे," असं म्हणून तिने ती गळ्यात मारली. आणि मग दोघींनी मिळून तिला टर्बो बसवायचं ठरवलं. जळून गेलेला धूर सायलेन्सरमधून फुकट जातो. त्याच धुराला एक भोवरा फिरवायला लावायचा, आणि त्या भोवऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. फुकट जाणाऱ्या गोष्टीकडून काम करून घेण्याची ही कल्पनाच तिला मनापासून आवडली होती. बाजारात तयार नळ्या मिळत, पण या गाडीच्या अरुंद पोटात त्या बसेनात. तेव्हा तिने स्वतः कापल्या. वळणांचे तुकडे तिरपे कापून, एकेक टेकून, टाके घालून, सोडून, पुन्हा टेकून. चारही नळ्यांची लांबी सारखी ठेवायची आणि वाट मात्र प्रत्येकीची वेगळी. काकांनी जाड पट्ट्या लेथवर सपाट करून दिल्या. सगळं जुळून आलं त्या दिवशी तिने ती वेटोळी वस्तू टेबलावर ठेवून नुसती फिरून फिरून पाहिली होती, आणि भिंगरी म्हणाली होती, "हे झाकायचं नाही हं. बॉनेटला खिडकी करायची."

उरलं होतं पेट्रोल. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही जास्त हवं, आणि ते क्षणभरही तुटता कामा नये. ट्रॅकवरच्या लांब वळणाला मूळ टाकीतलं पेट्रोल एका बाजूला चढतं, पंपाच्या तोंडी हवा येते, आणि तापलेलं इंजिन उपाशी राहून आतून वितळतं. म्हणून मधे एक छोटी, उभट, कायम काठोकाठ भरलेली टाकी ठेवतात. ती तिने अॅल्युमिनियमची केली होती आणि मागच्या डिकीत बसवली होती. या गाडीत डिकी आणि माणसं यांच्यामधे भिंत नसते. मागची सीट काढून टाकल्यावर तर टाकी आणि चालवणारीची पाठ यांच्यामधे नुसती हवा होती. तिने टाकीची तोंडं बंद करून आत हवा भरून ती पाण्याच्या टबात बुडवली होती, एकही बुडबुडा आला नव्हता. पण ती चाचणी तिच्या हिशेबी निम्मी. खरी चाचणी नंतरची: पेट्रोल भरायचं, पंप चालू करायचा, आणि मग खाली वाकून प्रत्येक सांध्याशी नाक न्यायचं. फडक्याला ओल लागायच्या कितीतरी आधी तिचं नाक सांगायचं. आजवर तिने हे कोणाला शिकवलं नव्हतं, कारण हे शिकवण्यासारखं नाही असंच ती मानत आली होती.

त्या दिवशी दुपारी भिंगरी आली तेव्हा नळ्या बसल्या होत्या, टाकी जोडली होती, आणि वहिनी पेट्रोलचा कॅन हातात धरून उभी होती. सकाळपासून तिने दोनदा नवऱ्याला फोन करायला घेतला होता आणि दोनदा ठेवला होता. काय सांगणार? डोळ्यांचं असतं तर त्याच्या दुकानात तक्ता होता, मोठी अक्षरं, लहान अक्षरं, इथपर्यंत दिसतं, इथून दिसत नाही. नाकाचा तक्ता नव्हता. आणि आपण काही आजारी नाही, हातपाय धड आहेत, काम समोर आहे, हे तिला सारखं स्वतःला पटवावं लागत होतं, आणि ते सारखं पटवावं लागतंय याचीच तिला चीड येत होती. तिने पेट्रोल ओतलं. ओतताना कॅनच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसली, उन्हात डांबरावर थरथरते तशी. तिच्या वडिलांकडे मोटरसायकल होती. ते तिला पुढे टाकीवर बसवायचे, आणि पंपावर झाकण उघडलं की ती वाकून त्या काळ्या भोकात बघायची आणि तो वास डोक्यात झिणझिण्या येईपर्यंत ओढून घ्यायची, आणि वडील तिची मान धरून मागे खेचायचे. तो वास तिला या क्षणी आठवत होता. म्हणजे आठवतोय हे माहीत होतं. एखाद्याचं नाव आठवावं आणि चेहरा येऊ नये, तसं.

पंप चालू केला. बारीक गुणगुण सुरू झाली, दाबाचा काटा वर चढला आणि जागेवर थांबला. तिने कोरड्या टिश्यूने एकेक सांधा पुसला, टॉर्च मारला, टिश्यू उजेडाकडे धरून पाहिला. कोरडा. पुन्हा पुसला. पुन्हा कोरडा.

"चला!" भिंगरी गाडीत बसलीसुद्धा. "रविवारी ट्रॅकवर तारीख मिळालीये, वहिनी. आज सुरू करू, उद्या परवा फिरवू, आणि रविवारी बघच तू. काका, या ना, मुहूर्ताला या!"

काका हात पुसत दारात येऊन उभे राहिले. भिंगरीने पट्टा बांधला. चावीला हात लावला. तिच्या खांद्यामागे, मोकळ्या जागेत, ती छोटी टाकी चमकत होती, आणि वहिनीला एकाएकी त्या दोन गोष्टी एका ओळीत दिसल्या: टाकी, आणि भिंगरीची मान, जिच्यावर केस वर बांधल्यामुळे बारीक लव दिसत होती.

"थांब," ती म्हणाली.

"काय झालं?"

"उतर खाली. मला वास येत नाही."

"बरंच आहे की! येत नाही म्हणजे गळत नाही."

"तसं नाही, भिंगरे. मला कसलाच वास येत नाही. पेट्रोलचा नाही, गॅसचा नाही. सकाळी घरात गॅस सुटला होता, मी शेजारी उभी होते, मला कळला नाही."

भिंगरी आधी हसली. मग वहिनीचा चेहरा पाहून तिने पट्टा सोडला आणि बाहेर आली. "सकाळपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि मी चावीला हात लावेपर्यंत गप्प राहिलीस?"

"चावी फिरवायच्या आत बोलले."

"वा! मोठे उपकार!" भिंगरीचा आवाज चिरकला. "टाकी माझ्या पाठीला लावलीस तू, वहिनी. तुझ्या नाही. मी तुझ्या नाकाच्या भरवशावर बसत होते त्या गाडीत, तुझ्या नाकावर! एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

बोललं असतं तर ते खरं झालं असतं, एवढंच. काका खाकरले आणि त्यांना अचानक लेथ चालू राहिल्याची आठवण झाली. भिंगरी काही वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग, ती भिंगरी होती म्हणून, स्वतःच डिकीत वाकली. "सरक. माझं नाक तर शाबूत आहे ना. सांग कुठे कुठे हुंगायचं." तिने मांजरासारखं नाक पुढे काढून एकेक सांधा हुंगला. इथे नाही. इथे नाही. इथे, जरा, नाही, हा बहुतेक कॅनचा. मग ती परत पहिल्या सांध्याकडे गेली आणि गोंधळली. "मला आता सगळीकडेच येतोय. हातालाच येतोय माझ्या. इथे येतोय का तिथे येतोय, काही कळेना." ती सरळ झाली, डोळे मिचकावले. "डोकं गरगरायला लागलं. पण ठीक आहे गं, ठीक वाटतंय मला. चालू करू या."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. ठीक वाटतंय. आपणही इतकी वर्षं हेच म्हणत आलो की काय, फक्त जास्त ठसक्यात? हाताला पेट्रोल लागलेलं असायचं, फडकी भिजलेली असायची, कॅन उघडा असायचा, आणि त्यातून आपलं नाक अचूक निवाडा द्यायचं, हे कोणी तपासलं होतं? मास्तरांनी नळी उजेडाकडे धरली ती दोघांनाही दिसायची. नाकातलं दुसऱ्याला दिसत नाही. तिथे ती एकटीच राणी होती, आणि खरं सांगायचं तर तिला तेच आवडत होतं. हे कळलं तेव्हा तिला लाज वाटायला हवी होती. वाटली ती जरा गंमत, आणि तिच्या मागोमाग एक ओळखीची खुमखुमी, जी नवीन काम समोर आलं की दंडातून खाली मनगटापर्यंत उतरायची. तिने पंप बंद केला, बॅटरीची तार काढली.

"टाकी काढते," ती म्हणाली. "तिच्याभोवती पेटी करायची. चारी बाजूंनी बंद, झाकणाला रबराचा गॅस्केट, तळाला नळी, नळी थेट गाडीच्या खाली. आणि तुझ्या पाठीमागे आडवी भिंत, पत्र्याची, छतापर्यंत. गळलं तर रस्त्यावर गळेल. कोणाला वास येवो न येवो."

"आणि रविवार?"

"रविवार होत नाही."

"वहिनी, तारखा कशा मिळतात माहितीये तुला? परत कधी मिळेल देव जाणे! टाकी कोरडी आहे, तूच म्हणालीस, दोनदा पुसलीस!"

"टाकी चांगलीच आहे. मी केलीये."

"मग?"

"मग पेटी करणार आहे."

भिंगरी तरातरा निघून गेली. फाटक तिने इतक्या जोरात लोटलं की ते आपटून परत उघडलं आणि तसंच हलत राहिलं. टाकी बाहेर काढून वहिनीने ती पुन्हा टबात बुडवली, पुन्हा उजेडाकडे धरली, टाके भिंगाखाली पाहिले. एकाही सांध्यात खोट नव्हती. तिने ती कोरडी करून टेबलावर ठेवली आणि पेटीसाठी पत्रा आखायला घेतला.

संध्याकाळी घरी तिने बेल वाजवायच्या आधीच नवऱ्याने दार उघडलं. भिंगरीने त्याला फोन केला होता हे त्यातूनच कळलं. तो ताटं मांडत होता. "मीठ बरोबर होतं तर," तो शेवटी म्हणाला. "मी उगाच रोज वाढवत होतो. मलाच खारट लागायला लागलं होतं." ती हसली, आणि हसता हसता तिने पाण्याचा पेला तोंडासमोर उचलून धरला. "मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. ती म्हणाली, "तुझा टॉवेल घेतला होता तोंडावर. काहीच आलं नाही. ते कसं सांगणार?" तो तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "तसाही धुवायला टाकायचाच होता तो," आणि तिच्या मनगटावर हात ठेवून जेवण संपेपर्यंत तिथेच ठेवला. दोघांनाही एका हाताने जेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि सर्दीनंतर असं होतं म्हणाल्या. येईल परत, किंवा थोडं येईल, किंवा नाही येणार, वाट बघायची. स्वयंपाकघरात गॅस ओळखणारं यंत्र मात्र आजच बसवा. वाट बघणं हे काम तिला कधी जमलं नव्हतं. यंत्र त्याच संध्याकाळी बसलं आणि ती परत शेडमधे गेली.

पेटीचं काम सोपं नव्हतं. पातळ अॅल्युमिनियम उष्णतेने कागदासारखं वाकतं. लांब सांधा एका दमात घालता येत नाही, इथे थोडा, तिथे थोडा, मधे गार होऊ द्यायचा. काचेच्या मुखवट्याआड सगळं जग काळं होतं आणि मधोमध वितळलेल्या धातूचं एक छोटं पाणीदार तळं चमकतं, त्याला कांडी टेकवत पुढे न्यायचं. इथे तिला कधी कशाची उणीव भासली नव्हती, आणि आजही भासू नये असं तिला वाटत होतं. पण हातमोज्याचा अंगठा गरम सांध्याला टेकला, चामडं करपलं, आणि ते तिला चटका बसल्यावर कळलं. मुखवटा वर करून तिने अंगठ्याकडे पाहिलं. चामड्यातून बारीक धूर निघत होता, निमूट, एखाद्या मुक्या माणसाने ओठ हलवावेत तसा. यापुढे असंच असणार का, गोष्टी होऊन गेल्यावर कळणार? तिने अंगठा पाण्यात बुडवला, दुसरे मोजे घातले आणि मुखवटा खाली ओढला. सांधा अर्ध्यात होता आणि अर्ध्यात सोडलेला सांधा तिला चटक्यापेक्षा जास्त सलायचा.

नवरा दुकान बंद करून शेडमधे यायला लागला. आजवर तो तिथे फारसा फिरकला नव्हता. त्याला आवाज सोसायचा नाही. आता तो झाकणाचा गॅस्केट कापत बसायचा, चष्म्याच्या काचा बसवणाऱ्या त्या बारीक, सावध बोटांनी, आणि भोकं इतकी नेमकी पाडायचा की काकांनी येऊन एकदा तो गॅस्केट हातात घेतला आणि विचारलं, "नोकरी बघताय का?" पेटीला शेवटची भोकं पाडायची होती तेव्हा भिंगरी आली. हाळी न घालता आली. थोडा वेळ गाडीतल्या आडव्या भिंतीच्या पत्र्याकडे बघत राहिली, त्याच्यावर टिचकी मारली. "छतापर्यंत केलीस खरी," म्हणाली. "आरशातून मागचं काही दिसणार नाही आता."

"बाजूचे आरसे आहेत की."

"ते विद्यार्थ्यांना सांगायचं असतं." मग तिने ओठ चावला. "माझं मेलं तोंडच वाईट, वहिनी."

"तोंड ठीक आहे. पत्रा धर," वहिनी म्हणाली, आणि भिंगरीने पत्रा धरला.

ट्रॅकची तारीख परत मिळायला वेळ लागला, पण मिळाली. सकाळचं स्वच्छ ऊन होतं, डांबर अजून थंड होतं, वळणांवर जुन्या टायरांच्या राशी रचलेल्या होत्या. नवरा कुंपणाबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभा राहिला आणि कोणी न सांगता कानात कापूस घालून घेतला. भिंगरी एकटी एक फेरी मारून आली, आणि गाडी थांबायच्या आतच तिने शेजारचं दार उघडलं. "बस. बस लवकर. मी सांगणार नाही, तूच बघ." वहिनी बसली, पट्टे आवळले, आणि गाडी निघाली. सुरुवातीला काही विशेष नव्हतं, जुनीच गाडी, जरा खरखरीत. मग सरळ रस्ता आला, भिंगरीने पाय दाबला, कुठूनतरी खोलातून एक शीळ वर चढत आली, आणि एका अदृश्य हाताने तिला पाठीत धरून पुढे लोटलं. छातीतली हवा मागे राहिली. पुढे ते लांब वळण होतं. भिंगरीने गाडी त्यात घातली आणि तिथेच धरून ठेवली, सगळं एका बाजूला झुकलं, पट्टा खांद्यात रुतला, आणि वहिनी अंगभर कान होऊन वाट पाहत राहिली: आता अडखळेल, आता पेट्रोलचा घास तुटेल. इंजिनाचा सूर जराही ढळला नाही. वळण संपेपर्यंत तो एका रेषेत वाजत राहिला, आणि ती रेषा तिला पायांच्या तळव्यांत, बसण्यात, दातांत लागत होती, तिने केलेल्या नळ्यांतून, तिने केलेल्या टाकीतून. तिला कळलं की ती हसते आहे, मोठ्याने, आणि मघापासून.

गाडी थांबली. भिंगरी हेल्मेट काढून तिच्याकडे बघत होती. "कशी आहे?"

"ऊठ तिथून," वहिनी म्हणाली.

"काय?"

"मी चालवणार."

"वहिनी, तू पाइपांचा टेम्पो चालवतेस."

"मग? क्लच तोच, ब्रेक तोच. ऊठ."

दोघींनी जागा बदलल्या. भिंगरी शेजारी बसली आणि बसताक्षणी तिचा आवाज बदलला, तिला नकळत, तो तिचा रोजचा कामावरचा गोड आवाज झाला. "आरसा बघा. हं. क्लच पूर्ण दाबा. घाई नाही, आपल्याला कुठेही पोचायचं नाहीये." वहिनीने गाडी बाहेर काढली. पहिलं वळण ती टेम्पोसारखी वळली, दुसरं जरा बरं जमलं. "छान," भिंगरी म्हणाली, "छान चाललंय, आता सरळ रस्ता आहे, सावकाश..." वहिनीने पाय दाबला. शीळ चढू लागली. शेजारी भिंगरीचा उजवा पाय सीटखालून पुढे सरकला आणि रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला, परत उचलला, परत दाबला. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि भिंगरीचा पाय तो ब्रेक शोधत होता.

"तिकडे ब्रेक नाहीये, भिंगरे," वहिनी म्हणाली, आणि स्वतःचा पाय तसाच दाबून धरला.